हांकेची पत

प्रत्येक घरांत दोन तऱ्हेच्या हांका ऐकूं येतात. एक हांक कानीं पडतांच मूल हातांतला खेळ टाकून धांवत येतें. दुसरी कानीं पडतांच तेंच मूल माळ्यावर जाऊन बसतें. हांक मारणारा मनुष्य एकच असूं शकतो, शब्दही तेच असूं शकतात. फरक असतो तो पत असण्या-नसण्याचा. एकदां हुंडी वटली नाहीं कीं पेठेंत सावकाराचा भाव उतरतो, तशीच हांकेचीही गोष्ट आहे. हें शहाणपण आम्हांस पोथींतून लाभलें नाहीं. एका गांवठी कुत्र्यापासून लाभलें, आणि तेंही फुकट लाभलें नाहीं. म्हणून ह्या महिन्यांत वाचकांपुढें तोच विषय मांडण्याचें योजिलें आहे.

आमचें घर वर्ध्यास, आणि थोडी शेती सेलू तालुक्यांत हिंगणीच्या बाजूस. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. चार वर्षांपूर्वीं शेतावरच्या गोठ्यांत एका कुत्रीला पिलें झालीं. त्यांतलें एक तांबूस पिलूं मुलांनीं टोपलींत घालून घरीं आणिलें आणि त्याचें नांव मोती ठेविलें. आमच्या मातुःश्रींचें सोंवळें कडक. कुत्र्यानें ओटीच्या आंत पाऊल टाकावयाचें नाहीं असा त्यांचा दंडक. तो दंडक मोती आठ दिवसांत शिकला. मात्र ‘ये’ म्हटल्यावर येणें ही साधी गोष्ट त्यास वर्षभर शिकवितां आली नाहीं.

कारण उघड होतें. आम्ही अकराही जण त्याचे गुरु झालों होतों. मातुःश्री त्यास ‘मोत्या’ म्हणत, मुलें ‘मोतू’ म्हणत, धाकटे बंधू नुसतें ‘ए’ म्हणत आणि आम्ही शीळ घालीत असूं. एकानें ‘ये’ म्हणावें, दुसऱ्यानें ‘इकडे’, तिसऱ्यानें ‘चल’. बरें, बोलवावयाचें तें कशाला? अंगावरच्या गोचिड्या काढावयास, आंघोळ घालावयास, पाहुणे आले म्हणून बांधून ठेवावयास, नाहीं तर चावून टाकिलेल्या वाहाणेचा जाब विचारावयास. आमच्या हांकेला तो येत नसे; परंतु दुपारीं धाकटी सून मागल्या दारीं भाकरीचें ताट वाजवी, तेव्हां आळीच्या टोकावरून तो बाणासारखा येई. घरच्या कर्त्या पुरुषाच्या आवाजापेक्षां ताटाच्या आवाजाला वजन अधिक, हें पाहून आम्हांस थोडें लागलेंही. तरी त्यांतला बोध तेव्हां उमगला नाहीं. आम्ही आवाज मात्र चढवीत गेलों.

मोती दहा महिन्यांचा असतांना कार्तिकांत आम्ही त्यास घेऊन शेतावर गेलों होतों. कापसाची वेचणी चालू होती, तूर पुरुषभर वाढलेली. हिंगणीच्या पुढें बोरचें जंगल लागतें. त्या अभयारण्यास २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. कुत्र्यास मात्र वाघापेक्षां भय अधिक तें बिबट्याचें. नगरकडील अकोले तालुक्यांत शास्त्रज्ञांनीं बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हां त्यांच्या खाण्यांत वजनाच्या हिशेबानें सुमारें ३९ टक्के वांटा कुत्र्यांचाच निघाला. आमचा सालदार सूर्य मावळला कीं कुत्रीं गोठ्याच्या आंत घेतो, तें उगीच नव्हे.

त्या दिवशीं दिवेलागणीस मोती तुरींत शिरला. आम्हीं हांका मारिल्या. तो तुरीच्या कडेला आला, दहा पावलांवर थांबला, शेंपूट पाडून हालवूं लागला, आमच्या तोंडाकडे पाहूं लागला. पण पुढें येईना. आम्हीं एक पाऊल टाकावें, त्यानें दोन मागें सरावें. शेवटीं तो अंधारांत दिसेनासा झाला. त्याचें कारण आम्हांस ठाऊक होतें, पण कबूल करवत नव्हतें. चारच दिवसांपूर्वीं तो दोन तास भटकून परत आला, तेव्हां आम्हीं त्यास ‘ये, ये’ म्हणून जवळ बोलाविलें होतें आणि तो पायाशीं येतांच वेताच्या छडीनें मारिलें होतें.

रात्रभर बॅटरी घेऊन आम्ही बांधाबांधानें हिंडलों. नऊ वर्षांचा नातू घरीं जेवला नाहीं, असा निरोप आला. पहाटे मोती गोठ्याशीं आला, तो आमच्याकडे नव्हे, सालदाराकडे. त्याचा एक कान फाटलेला होता. सालदारानें कानास हळद लाविली आणि आमच्याकडे न पाहतां तो म्हणाला, “बलावून मारलं मालक, तं कायले येईन थो?” ह्या प्रश्नास आम्हीं उत्तर दिलें नाहीं, उत्तर नव्हतेंच.

महाभारताच्या आदिपर्वांत अशाच तऱ्हेचा प्रश्न एका कुत्रीनें विचारिला आहे. जनमेजयाच्या यज्ञसत्रांत सरमेचें पिलूं आलें असतां राजाच्या भावांनीं त्यास मारून घालवून दिलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें, तें चाटलेंही नव्हतें. सरमेनें येऊन पिलाचा अपराध काय म्हणून विचारिलें. कोणासही उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां निरपराध्यास मारिल्याबद्दल न दिसणारें भय तुमच्यावर येईल, असा तिनें शाप दिला. धर्मराजानें कुत्र्यावांचून स्वर्ग नाकारिला ही कथा आपण मुलांस आवडीनें सांगतों. सरमेची कथा सहसा सांगत नाहीं, कारण तींत आपण कोणत्या बाजूला उभे आहों हें लगेच कळतें.

मोतीच्या बाजूनें पाहूं लागल्यावर सगळा उलगडा झाला. दोन तासांपूर्वींच्या भटकण्याचा हा मार आहे, असा कार्यकारणभाव कुत्र्यास कळत नाहीं. माराच्या लगेच आधीं त्यानें जें केलें, तेंच त्याच्या मनांत माराशीं जोडलें जातें; आणि लगेच आधीं त्यानें केलें होतें तें आमच्याजवळ येणें. म्हणजे आम्हीं त्यास न येण्याचाच धडा दिला आणि तो त्यानें एका दिवसांत पाठ केला. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह ह्यांस १९०४ सालीं पचनक्रियेवरील संशोधनासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. कुत्र्यांवर प्रयोग करीत असतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, अन्न तोंडांत पडण्यापूर्वींच, अन्न आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीनेंच कुत्र्यांस लाळ सुटूं लागते. खूण आणि तिच्या मागून येणारी गोष्ट ह्यांची गांठ अशी बसते. सुनेच्या ताटाची गांठ भाकरीशीं बसली होती. आमच्या हांकेची छडीशीं.

मग आम्हीं नव्यानें आरंभ केला. तो क्रम येथें देतों. ज्यांच्या दारीं कुत्रें आहे त्यांस उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, जुनी हांक टाकून दिली. बुडालेल्या पेढीच्या नांवानें पुन्हां हुंडी काढण्यांत अर्थ नव्हता. ‘ये’ हा शब्द मारानें विटलेला. म्हणून ‘मोती, धांव’ अशी नवी हांक ठरविली, आणि अकराही माणसांनीं तीच, एकाच सुरांत मारावयाची असा ठराव केला. मातुःश्रींनीं सुद्धां ‘मोत्या’ सोडून दिलें.

दुसरी गोष्ट, आरंभ भुकेच्या वेळीं आणि अंगणांतच. त्याच्या रोजच्या भाकरींतून बोटाच्या पेराएवढे तुकडे काढून ठेवावे. उकडलेलें रताळें आमच्या मोतीस अधिक प्रिय. कांदा, लसूण, द्राक्षें, बेदाणे व चॉकलेट हीं मात्र कुत्र्यास विषासारखीं बाधतात. मुलें लाडानें बेदाणे देतात, तेवढें जपावें. तीन पावलांवरून एकदांच हांक मारावी. तें आलें कीं तुकडा द्यावा, गळपट्ट्यास हात लावावा, पाठ थोपटावी आणि सोडून द्यावें. हें सोडून देणें फार महत्त्वाचें. जवळ गेलें कीं बांधतात, अशी समजूत झालेलें कुत्रें हाताच्या अंतरावर घोटाळत राहतें. एका वेळीं दहा हांका पुरेत. दिवसांतून दोन-तीन वेळां, पांच-पांच मिनिटें.

तिसरी गोष्ट एकत्र कुटुंबाच्या सोयीची आहे. अंगणाच्या दोन टोकांस दोन माणसें उभीं राहावीं व त्यांनीं पाळीपाळीनें हांक मारावी. आमच्याकडे हा खेळ मुलांनीं चालविला आणि महिनाभरांत चार माणसांच्या चौकोनांत मोती चेंडूसारखा फिरूं लागला. ज्या अकरा तोंडांनीं घोटाळा केला होता, तींच आतां उपयोगीं पडलीं.

चौथी गोष्ट, बाहेर नेतांना दोर. वीस हात लांबीचा हलका दोर गळपट्ट्यास बांधून माळावर न्यावें. दोर ओढून आणण्यासाठीं नव्हे. हांक ऐकून पळून जाण्याची संवय लागूं नये, एवढ्यापुरताच तो आहे. ओढून आणिलेलें कुत्रें दोराला येतें, हांकेला नव्हे. आधीं निवांत माळ, मग शेळ्या दुरून दिसतील अशी जागा, मग बाजाराची वाट, अशी अडचण थोडथोडी वाढवावी. पुढें तुकडा दर वेळीं दिला नाहीं तरी चालतो. शाबासकी मात्र दर वेळीं द्यावी.

पांचवी गोष्ट, तें आलें नाहीं तर हांकेवर हांक मारूं नये. दहांदा मारिलेली हांक ही नऊ वेळां न ऐकण्याची शिकवण होते. आणि त्याच्या मागें धांवूं नये. पोळी पळविणाऱ्या कुत्र्याच्या मागें नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती भक्ति आपल्याठायीं नाहीं, आणि कुत्र्यास तर तो पाठशिवणीचा खेळ वाटतो. उलट आपणच पाठ फिरवून चार पावलें पळावें किंवा खालीं उकिडवें बसावें. बहुधा तें आपण होऊन येतें. उशिरां आलें तरी चेहरा प्रसन्न ठेवावा. सर्व क्रमांत कठीण भाग हाच, कारण त्यांत शिक्षण कुत्र्याचें नसून आपल्या रागाचें असतें.

सहावी गोष्ट, आंघोळ, गोचिड्या, औषध, रेबीजची लस ह्यांसाठीं ती हांक वापरूं नये. अशा वेळीं आपण उठून त्याच्याकडे जावें. मारानें गेलेला विश्वास परत येण्यास आम्हांस पांच महिने लागले.

एवढें करूनही हांक हा कांहीं मंत्र नव्हे. मांजर, ससा किंवा रानडुकराचा वास ह्यांपुढें चांगलें शिकलेलें कुत्रेंही क्वचित् बहिरें होतें. म्हणून रस्त्यावर साखळी आणि शेतावर दिवेलागणीनंतर गोठ्याचें दार बंद, हे नियम आम्हीं सोडिले नाहींत. १९२६ सालीं अहमदाबादेस मोकाट कुत्र्यांचा प्रश्न उठला, तेव्हां गांधीजींनीं ‘यंग इंडिया’ पत्रांत त्यावर लेखमाला लिहिली. धनी नसलेलीं कुत्रीं गल्लोगल्लीं हिंडणें ही समाजाच्या दयेची खूण नव्हे, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें दहा वर्षांनीं ते आमच्या शेजारीं शेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, राहावयास आले. उष्टें टाकणें म्हणजे कुत्रें पाळणें नव्हे, एवढें तरी वर्धेकरांनीं त्यांच्याकडून घ्यावयास हरकत नाहीं.

गेल्या वैशाखांत ह्या शिक्षणाची परीक्षा झाली. कोणी तरी फाटक उघडें टाकिलें होतें. मोती मांजरामागें अंगणांतून सुटला. डावीकडून एक मालमोटार भरधांव येत होती. आम्ही ओटीवर होतों. आमच्या तोंडून शब्द फुटला नाहीं. नातवानें मात्र एकदांच, अंगणांतल्या खेळाच्याच सुरांत हांक मारिली: “मोती, धांव!” रस्त्याच्या कडेला पोंचलेला मोती गर्रकन वळला. मोटार धुरळा उडवीत निघून गेली. नातवानें त्याच्या गळपट्ट्यास हात लाविला. खिशांत तुकडा नव्हता, म्हणून हातांतली आंब्याची फोड त्यास दिली, आणि मग सोडून दिलें. फाटक नंतर लाविलें.

त्या संध्याकाळीं आम्हीं एक हिशेब मांडला. ह्या मुलास आपण दिवसांतून किती वेळां हांक मारतों, आणि कशासाठीं? गुणपत्रिका, मळकें दप्तर, सांडलेलें पाणी, पाहुण्यांपुढें श्लोक म्हणून दाखविणें. आमची हांक ऐकतांच तो माळ्यावर जाऊन बसतो, अशी तक्रार आम्हीं सुनेजवळ कितीदां तरी केली होती. आतां रोज एक हांक आम्ही कोणत्याही कामावांचून मारतों. तो येतो, शेजारीं बसतो. कांहीं बोलला तर ऐकतों. नाहीं तर दोघेही मोतीचे कान खाजवीत बसतों, फाटका आणि धड दोन्ही. मग त्यास जाऊं देतों. पहिल्या आठवड्यांत तो जिन्यांतच थांबून, “काय झालं?” म्हणून विचारी. हल्लीं विचारीत नाहीं.