ओढ्याचा काठ ‘साफ’ करू नका

गावचा ओढा स्वच्छ करायचा म्हटले की सर्वांत आधी काय होते? काठावरचे गवत, वाळा, करंजाची झुडपे उपटली जातात. यंत्र लावून पात्र सरळ केले जाते. कधी कधी दोन्ही बाजूंना सिमेंटची भिंतही उभी राहते. ओढा नीटनेटका दिसू लागतो खरा. पण ही स्वच्छता पाण्याच्याच मुळावर उठते, असे माझे मत आहे. ते पटते का, हे तुम्हीच भौतिकशास्त्राच्या एका नियमावरून पडताळून पाहा.

मातीचा कण संथ पाण्यात किती वेगाने खाली बसतो, हे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमावरून काढता येते. कणाचा व्यास दहापट कमी झाला, की हा वेग शंभरपट कमी होतो. समजा, पाणी ५ सेंटिमीटर खोल आहे. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण सुमारे ६ सेकंदांत तळ गाठील. ०.०१ मिलिमीटरच्या गाळाच्या कणाला सुमारे ९ मिनिटे लागतील. आणि ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला? सुमारे १५ तास!

उघड्या काठावरून शेतातले पाणी काही क्षणांत ओढ्यात उतरते. तेथे दाट गवत असेल, तर प्रत्येक काडी त्याला अडवते, वेग मंदावतो आणि वाळू व जाड गाळ गवतातच राहतो. चिकणमाती मात्र एवढ्याने थांबत नाही. तिला अडवायचे तर पाणी जमिनीत मुरले पाहिजे, आणि त्यासाठी मुळांनी व गांडुळांनी भुसभुशीत केलेली माती हवी. खतातला स्फुरद बराचसा याच बारीक कणांना चिकटून प्रवास करतो. नायट्रेट पाण्यात विरघळून जमिनीखालून येते. काठच्या ओल्या, प्राणवायू नसलेल्या मातीतले जीवाणू त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. हे दोन्ही तलावात पोहोचले, की शेवाळाला मेजवानीच!

म्हणूनच काठावर रोपांची एक रांग लावून छायाचित्र काढण्याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. झाडे काठ धरून ठेवतात, सावली देतात. पण त्यांच्याखालची जमीन उघडी असेल तर गाळ कोण अडवणार? गवत, झुडपे आणि झाडे असा रुंद पट्टाच हवा.

रुंद म्हणजे किती? अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०१५ मध्ये कायदा करून सार्वजनिक जलाशय व प्रवाहांच्या काठी सरासरी ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर, रुंदीचा पट्टा राखणे बंधनकारक केले. तेथील अनेक शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. आपल्याकडे तर शेते लहान. शंभर मीटर काठालगत नुसता ५ मीटरचा पट्टा सोडला, तरी जवळजवळ ५ गुंठे जमीन जाते. एक एकरवाल्याचा हा आठवा हिस्सा! त्यावर मारवेल, वाळा, बांबू घेता येईल, वैरण कापता येईल. नांगर आणि खत मात्र तेथे नको. तरीही नुकसान उरतेच. स्वच्छ पाण्याचा लाभ खालच्या गावांना आणि शहरांना होतो, तेव्हा मोबदलाही त्यांच्याकडूनच यायला हवा. शेतकऱ्याला फुकट उपदेश करू नये.

शहरांचे सांडपाणी ही गोष्ट वेगळी. पुणे परिसरातून नद्यांमार्गे उजनीच्या जलाशयात जाणारे सांडपाणी काठावरच्या गवताने शुद्ध होणार नाही. त्याला शुद्धीकरण केंद्रेच हवीत.

येत्या पावसाळ्यात, पूर नसताना, शिक्षकांबरोबर ओढ्याकाठी जा. शेतातले पाणी गवतातून पसरून येते, की एखाद्या चरातून थेट उतरते, ते पाहा. चर पडला असेल तर पट्टा असून नसल्यासारखाच. दोन्ही ठिकाणचे पाणी सारख्या बाटल्यांत भरा, हलवून ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी तळाचा थर पट्टीने मोजा. वरचे पाणी अजून गढूळ दिसले, तर ती चिकणमाती आहे.