हुद्दा मिळाला, वागणुकीचे काय?

मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आयुष्य संपवले. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठांबद्दलची गाऱ्हाणी होती: हाताखालच्या माणसांसमोर शिवीगाळ, अडवलेला पगार, गरोदरपणात जंगलातून करायला लावलेली पायपीट आणि वर तक्रार नेऊनही न घेतलेली दखल. त्यातले काय सिद्ध होते, हा न्यायालयाचा प्रश्न. मात्र या यादीतल्या बहुतेक गोष्टींना कायद्यात सरळ जागा सापडत नाही, हे अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक कार्यालयाने ध्यानात घ्यायला हवे. शासकीय नोकरीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. त्याने बाई खुर्चीपर्यंत पोचते. पुढे, कामाच्या ठिकाणाबाबतचा २०१३ चा कायदा लैंगिक छळापुरता आहे, चारचौघांत केलेला पाणउतारा त्यात बसत नाही. मातृत्व लाभाच्या कायद्यातली कष्टाच्या कामातून सूट बाळंतपणाआधीच्या साधारण अडीच महिन्यांपुरती, आणि तीही तिने मागितली तर. गर्भपाताचा धोका जास्त असतो तो पहिल्या तीन महिन्यांत. त्या काळात गस्तीला कुणी जायचे, हे साहेबाच्या समजुतीवर सोडलेले आहे.

ही समजूत म्हणजेच भावनिक बुद्धिमत्ता. समोरच्यावर काय गुजरते आहे ते ओळखणे, स्वतःचा राग आवरणे आणि त्याप्रमाणे निर्णय बदलणे, एवढा तिचा अर्थ. तिला आपण स्वभावाचा गुण मानतो. असला तर नशीब, नसला तर सोसायचे. माझ्या मते ती अधिकाऱ्याच्या कामाचाच भाग आहे आणि तशीच तपासली गेली पाहिजे. यावर वनखात्यातून उत्तर येते की हे गणवेशाचे खाते आहे, सागवान चोरणाऱ्यांशी गाठ आहे, इथे मऊपणा चालत नाही. पण कडकपणा आणि अपमान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रेंजर बाईला वनरक्षकांसमोर झापले की दुसऱ्या दिवशी तिचा हुकूम कोण मानणार? चौकशी करायची तर कारणे दाखवा नोटीस आहे, मेमो आहे; आवाज चढवल्याने एकही झाड वाचत नाही. शिस्तीची खरी हानी होते ती अशा अपमानाने.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भावना मोजायच्या कशा? आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण उरकून सगळे सुटले तर? ही भीती रास्त आहे. नुसत्या वर्गाने काही होणार नाही, उलट दोषी माणसाला प्रमाणपत्राची ढाल मिळेल. म्हणून भावना मोजू नयेत, खुणा मोजाव्यात. एका साहेबाच्या हाताखालून बदलीचे किती अर्ज येतात, किती पगार कुठल्या लेखी कारणाने अडले, गरोदर कर्मचाऱ्याला कोणते काम दिले, तक्रार किती दिवस टेबलावर पडून राहिली, हे सगळे कागदावर असतेच. आज कामाचा वार्षिक मूल्यमापन अहवाल फक्त वरून खाली लिहिला जातो, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच हातात बोलणाऱ्याची बढती असते. वरिष्ठाच्या अहवालात हाताखालच्यांचे, नाव उघड न करता घेतलेले मत जोडावे, आणि तक्रार त्या साखळीबाहेरच्या अधिकाऱ्याकडे जावी. जुना राग काढायला कुणी त्याचा वापर करील हे खरे, म्हणूनच एका मतावर कारवाई नको. चार वर्षांत चार जणींनी तेच सांगितले तर मात्र चौकशी टाळता येऊ नये. सिपना, गुगामल आणि अकोल्याकडचा अकोट, या मेळघाटच्या विभागांपासून हे सुरू करायला नवा कायदा लागत नाही, खात्याचे एक परिपत्रक पुरते.