पिस्तूल घरात असेल, तर एवढं करा

सिद्धेश्वर धरणाच्या आसपास, पूर्णेच्या काठी तुमचं घर असेल आणि त्या घरात परवान्याचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. परवाना ज्यांच्या नावावर आहे त्यांनी वाचावंच. घरातल्या आईनं, सुनेनं आणि कळत्या पोरांनीही वाचावं.

दोन परवानेवाले भेटले की बोलणं ठरलेलं असतं. कुणाचं हत्यार कधी अडकत नाही, कुणाचा चाप लोण्यासारखा, कुणाची नेमाची माशी ठळक. मोठी रक्कम मोजून घेतलेली वस्तू आहे, कौतुक असणारच. पण त्या कौतुकापायी लोक चाप हलका करून घेतात, आणि मला भीती वाटते ती तिथं.

चाप हलका करून घेऊ नका.

नेमबाजीच्या खेळात हलका चाप चालतो, हे खरं. कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबत यांनी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात चापाचा भार किमान एक किलो असावा लागतो. 10 मीटर एअर पिस्तुलात अर्धा किलोही चालतो. पण तिथं नळी कायम लक्ष्याकडे असते. पंच हजर असतात. हुकूम झाल्याशिवाय कुणी पिस्तूल भरत नाही.

तुमच्या घरात काय असतं? रात्रीची गेलेली लाईट. झोपेतून दचकून उठलेला माणूस. कुत्रं भुंकतंय, हात थरथरतोय, आणि पायाशी पोर. अशा वेळी जड चापच तुम्हाला क्षणभर विचार करायला लावतो. तो दोष नाही. तीच तुमची राखण आहे.

शिवाय हत्याराची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करायची असते. लेथवाला किंवा वेल्डिंगवाला ओळखीचा असला तरी त्याच्या हातात पिस्तूल देऊ नका. तो अडचणीत येईल आणि तुम्हीही.

आता भरवशाचं बोलू. आपल्याकडे परवान्यावर बहुधा 0.32 बोअरचं हत्यार मिळतं, कारण 9 मिलिमीटर सामान्य माणसाला बंद आहे. ते कानपूरचं की परदेशी, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, नेमबाज मनू भाकर यांचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. मोलाचं, रोज निगराणीतलं हत्यार, तरी ऐन वेळी त्यानं दगा दिला. मग वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या हत्यारावर डोळे झाकून किती विसंबायचं, हे तुम्हीच ठरवा.

पावसाळ्यात धरणाकाठची हवा ओली असते. चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि लोखंडाला गंज चढतो. कोरड्या सुती फडक्यानं पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा. जास्त तेल नको. ते काडतुसात उतरलं की बार फुसका जातो, आणि त्यावर सोयाबीन-तुरीच्या मळणीची धूळ चिकटते. काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात ठेवा. हिरवट डाग पडलेली किंवा टोपी सैल झालेली काडतुसं वापरू नका.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर लगेच उघडून बघायला जाऊ नका. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून अर्धं मिनिट थांबा. कधीकधी बार उशिरा उडतो.

एक चूक मात्र शहाणीसुरती माणसंही करतात. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं त्यांना वाटतं. तसं नाही. एक गोळी नळीच्या मागच्या घरात बसलेली असू शकते. आधी नळी सुरक्षित दिशेला करा. मॅगझिन काढा. मग वरचा भाग मागे ओढून आत डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा. रिव्हॉल्व्हर असेल तर चकरी उघडून सगळी घरं मोजा. हे रोज करत असलात तरी परत करा. दुसऱ्यानं "रिकामं आहे" म्हणून हातात दिलं, तरी करा.

अभिनेते गोविंदा यांचं उदाहरण आठवा. 1 ऑक्टोबर 2024 ची पहाट, मुंबईतलं राहतं घर. परवान्याचं रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटलं, गोळी सुटली आणि पायात शिरली. भांडण नव्हतं, चोर नव्हता. जुन्या धाटणीची काही रिव्हॉल्व्हरं घोड्यावर पडली तर बार होऊ शकतो. म्हणून कपाटात ठेवायचं ते रिकामंच. उशीखाली नाही, गाडीच्या कप्प्यात नाही, देवघरात तर नाहीच. किल्ली फक्त परवाना असलेल्या माणसाकडे. पोरांना हत्यार दाखवून कौतुक करू नका. त्यांचं लक्ष तुमच्या बोलण्याकडे कमी आणि किल्ली कुठं ठेवता याकडे जास्त असतं.

नेम बघायचा म्हणून कॅनॉलवर किंवा धरणाच्या पाण्यावर गोळी झाडू नका. पाण्यावरून आणि दगडावरून गोळी उसळते. ती एक किलोमीटरच्या पुढंही जाऊ शकते, आणि पलीकडच्या रानात कुणाची आई खुरपत असते. लग्नात, वरातीत हवेत बार काढणं तर आता स्वतंत्र गुन्हा आहे. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. महाशिवरात्रीला औंढा नागनाथला जाताना पिस्तूल घरी ठेवा. जत्रेत, मिरवणुकीत, शाळेच्या आवारात ते नेऊ नये, अशी परवान्याचीच अट असते.

निवडणूक लागली आणि हत्यार जमा करायची नोटीस आली, तर वाद न घालता जमा करा. देण्याआधी पुसून तेल लावा, कारण ते महिनोन्‌महिने पोलिसांच्या मालखान्यात पडून राहील. काडतुसं मोजून पावतीवर लिहून घ्या. परत आणल्यावर नळीत गंज किंवा घाण आहे का, ते उजेडात बघा.

माशीबद्दल थोडंच. पुढची माशी आणि मागची खाच तुम्हाला सरळ, स्वच्छ दिसली पाहिजे. पन्नाशीनंतर जवळचं धूसर होतं, मोतीबिंदू उतरतो. नेत्रतपासणी करून घ्या. माशी दिसतच नसेल, तर नवीन माशी बसवायच्या मागे लागू नका. हत्यार सोडायची वेळ आली, असं समजा. यात कमीपणा नाही. वयाची सत्तरी झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, तर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा. मुलाला नको असेल, तर रीतसर विकून टाका.

वडील गेले आणि पिस्तूल कपाटात राहिलं, तर दहाव्या-तेराव्याच्या धांदलीत ते विसरू नका. परवाना त्यांच्यासोबत संपला. आता घरातल्या कुणालाही ते बाळगता येत नाही, आठवण म्हणूनही नाही. भरलेलं आहे की रिकामं, हे घरच्या घरी बघू नका. कपाटाला कुलूप लावा, ठाण्यात फोन करा, आणि ते सांगतील तसं परवान्याच्या पुस्तकासह जमा करा. पावती घ्या. ती सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवा.