आईबापांची सही

रणांगणावर पुत्र गमावलेल्या आईबापांचा गौरव करण्यात कोणतेही सरकार मागे राहत नाही. वीरमाता, वीरपिता असे शब्द योजले जातात, शाल-श्रीफळ दिले जाते, चौकाला नाव मिळते. या गौरवात सारा खोटेपणाच असतो असे आम्ही म्हणणार नाही. अंत्ययात्रेत रडणाऱ्या गावकऱ्यांचे अश्रू खरेच असतात. परंतु त्या समारंभाचे एक कार्य असेही असते, की आईबापांच्या मनात घर करून बसलेला एक प्रश्न त्यांच्या ओठांवर येऊ नये. आम्ही त्याला जाऊ का दिले? आणि आमची संमती कोणी, काय सांगून मिळवली?

हा प्रश्न उभे आयुष्य स्वतःला विचारीत राहिलेल्या एका आईची हकीकत समाजवादी कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवली पाहिजे. कारण तिच्या दुःखाच्या मुळाशी जी राजकीय हवा होती, ती निर्माण करण्यात समाजवादी पक्षाचाही हात होता.

केटे कोलविट्झ ही जर्मन चित्रकर्ती. विणकरांचे बंड, सोळाव्या शतकातील शेतकऱ्यांचा उठाव या विषयांवरील चित्रमालांनी ती प्रसिद्धी पावली. तिचा पती कार्ल हा बर्लिनच्या कामगारवस्तीत रोग्यांवर उपचार करणारा समाजवादी विचारांचा डॉक्टर. १९१४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा धाकटा मुलगा पेटर अठरा वर्षांचा होता. स्वयंसैनिक म्हणून भरती होण्याची त्याची इच्छा होती; पण तो कायद्याने सज्ञान नसल्यामुळे बापाची परवानगी आवश्यक होती. कार्लने ती नाकारली. तेव्हा मुलाच्या वतीने आईनेच शब्द टाकला आणि बापाचे मन वळवले. २२ ऑक्टोबरच्या रात्री बेल्जियममध्ये डिक्समाउडेजवळ पेटर मारला गेला. घर सोडून त्याला पुरते तीन महिनेही झाले नव्हते.

केटेसारखी विचारी स्त्री त्या घटकेला अशी का वागली? याचे उत्तर तिच्या स्वभावात शोधण्यापूर्वी त्या दिवसांतले राजकारण पाहावे लागेल. जुलैच्या अखेरीस जर्मन कामगार युद्धविरोधी सभा भरवीत होते. ४ ऑगस्टला जर्मन संसदेत सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने युद्धखर्चाच्या कर्जाला एकमुखाने मंजुरी दिली. संसदेतील तो सर्वांत मोठा पक्ष होता. त्याचे ११० सभासद होते. आदल्या दिवशीच्या पक्षांतर्गत बैठकीत चौदा जणांनी विरोध नोंदवला होता; पण पक्षशिस्त म्हणून सभागृहात त्यांनीही हात वर केले. लढाई झारच्या जुलुमाविरुद्ध आहे, हे कारण पुढे करण्यात आले. बर्लिनच्या कामगारवस्तीतील आईबापांना जेव्हा स्वतःच्या पक्षानेच सांगितले की हे युद्ध रास्त आहे, तेव्हा त्यांनी कोणाकडे पाहून नकार द्यायचा? कार्ल लीबक्नेश्टने पुढल्या डिसेंबरात एकट्याने विरोधी मत दिले. पेटर तोवर मातीआड झाला होता.

मुलाच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत केटेने त्याच्या स्मारकाचा विचार सुरू केला. आरंभीच्या कल्पनेत मृत पुत्र आडवा पडलेला होता, आईबाप त्याच्या उशापायथ्याशी. काम काही वर्षे चालले, मग तिने ते सोडून दिले आणि पुन्हा हाती घेतले. अखेर १९३२ साली ते बेल्जियममधील दफनभूमीत उभे राहिले तेव्हा त्यात पुत्र उरला नव्हता. दोन वेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकलेली दोन माणसे तेवढी आहेत : स्वतःच्या छातीभोवती हात घट्ट आवळून ताठ बसलेला बाप आणि पुढे वाकलेली आई. चेहरे कार्लचे आणि केटेचेच आहेत. तेथे तलवार नाही, गरुड नाही, देशासाठी काय दिले याचा उल्लेख नाही. गेलेल्या मुलाचा पराक्रम वर्णन करण्याऐवजी मागे राहिलेल्यांना त्याच्यासमोर गुडघे टेकायला लावणारे स्मारक युद्धखात्याला मानवणारे नव्हे. आज ते व्लाड्सलो येथे आहे. तेथे पंचवीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत.

तिचा शोक केवळ दगडात राहिला नाही, हे महत्त्वाचे. १९१८ च्या ऑक्टोबरात पराभव दिसू लागला असताना कवी रिखार्ड डेमेल याने उरल्यासुरल्यांनी पुढे यावे असे आवाहन केले. त्याला केटेने जाहीर पत्राने विरोध केला, तेही समाजवादी पक्षाच्याच ‘फोरवेर्ट्स’ या पत्रात. मेले तेवढे पुरे झाले, असा त्याचा आशय होता. त्यात तिने गटेची बियाण्याची उपमा वापरली. दुष्काळातही कणगीतल्या बियाण्याला हात न लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. हिटलरच्या राजवटीत तिला कला अकादमीतून बाहेर पडावे लागले. १९४२ साली तिचा नातू रशियाच्या आघाडीवर मरण पावला. त्याचेही नाव पेटरच होते.

युद्ध प्रत्येक वेळी टाळता येते, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. हिटलरशी लढावेच लागले आणि लढणाऱ्यांचे जगावर ऋण आहे. पण १९९३ साली बर्लिनच्या राष्ट्रीय स्मारकात केटेच्याच एका छोट्या शिल्पाची, मृत पुत्राला मांडीवर घेतलेल्या आईची, मोठी प्रतिकृती बसवून सरकारने ती युद्धाच्या आणि जुलूमशाहीच्या सर्व बळींना सरसकट अर्पण केली, तेव्हा टीका झाली ती उगाच नव्हे. आईच्या शोकाखाली मारणारा आणि मारला गेलेला एकाच रांगेत बसवता येतो, ही सोय राज्यकर्त्यांना नेहमीच आवडते.

१९१४ च्या त्याच ऑक्टोबरात, त्याच बेल्जियमच्या चिखलात हिंदी पलटणी उतरवल्या गेल्या होत्या. मराठा पलटणींतली मुले मेसोपोटेमियात गेली. शिपायाचा पगार दरमहा अकरा रुपये होता. त्या महायुद्धात दहा लाखांवर हिंदी माणसे समुद्रापार गेली, साठ हजारांहून अधिक परत आली नाहीत. त्यांच्या आईबापांची संमती कोणी राष्ट्रप्रेमाच्या भाषणाने मिळवली नव्हती. ती जमिनीच्या तुकड्याने आणि सावकाराच्या वहीने आधीच लिहून ठेवली होती.

आजची स्थिती यापेक्षा किती निराळी आहे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी तपासावे. २०२२ सालच्या अग्निपथ योजनेत साडेसतरा वर्षांचा मुलगा भरती होऊ शकतो. तो अठरा वर्षांखालील असेल, तर अर्जावर आईबापांची किंवा पालकाची सही लागते. कार्ल कोलविट्झकडे मागितलेली तीच ही सही. मुदत चार वर्षांची, त्यानंतर फार तर चौथा हिस्सा सैन्यात कायम. कर्तव्यावर मृत्यू आला तर योजनेच्या मूळ अटींप्रमाणे ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी. रक्कम लहान नाही. परंतु नियमित सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारे निवृत्तिवेतन येथे नाही. एकाच खंदकात एकाच गोळ्याने दोन मुले गेली, तर एकाच्या घरी दरमहा पेन्शन येईल, दुसऱ्याच्या घरी एकदाच धनादेश. पंचेचाळिशीच्या बापाला पुढली तीस वर्षे त्या रकमेचे व्याज, महागाई आणि नातलगांची नड यांचा हिशेब स्वतःच करावा लागणार. एकरकमी देण्यात सरकारची सोय आहे : देणे फिटले आणि खाते बंद झाले.

पैशाने शोक भरून येत नाही, हे खरे. पण हे वाक्य पेन्शन नाकारणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

दोन्ही प्रकारच्या सैनिकांच्या मृत्यूनंतर कुटुंबाला समान निवृत्तिवेतन, त्यात आईबापांचा स्वतंत्र हिस्सा, ही मागणी पक्षाने विधिमंडळात आणि संसदेत सातत्याने लावून धरली पाहिजे. आणि सज्ञान नसलेल्या मुलाच्या अर्जावर सही मागायचीच असेल, तर चार वर्षांनंतरच्या आणि मृत्यूनंतरच्या साऱ्या अटी मराठीत छापून, सहीपूर्वी निदान आठ दिवस त्या घरात असल्या पाहिजेत. सहीचा अंगठा उठवून घेणाऱ्या बापाला त्या वाचून दाखवण्याचे काम शाखांतील कार्यकर्त्यांनी भरतीच्या हंगामापूर्वीच हाती घ्यावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी त्याने मुलगा गेल्यावर पहिल्यांदा चढावी असे नाही.