पंखांच्या नळ्या आणि अडलेले पाणी

वाफेचे पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता मोकळी होते. ही उष्णता थंड नळीच्या द्वारे त्वरेने काढून घेणे हे संघनकाचे कार्य होय. नळीचे पृष्ठफळ वाढविले की उष्णता अधिक वेगाने वाहील, या विचाराने नळीवर धातूचे पातळ वर्तुळाकार पंख ठेवतात. विचार सरळ आहे. तथापि तो अपुरा आहे, आणि विद्यार्थ्यांस तेवढाच शिकविला जाणे इष्ट नाही.

संघननातील मुख्य अडसर धातूचा नसून धातूवर साचणाऱ्या द्रवाच्या थराचा असतो, हे विल्हेल्म नुसेल्ट यांच्या १९१६ मधील सिद्धांताचे मर्म होय. तांब्याची उष्णतावाहकता पाण्याच्या ५०० पटींहून अधिक आहे. यास्तव एक दशांश मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर ५ सेंटिमीटर जाडीच्या तांब्याहूनही अधिक अडथळा करतो.

पंखांच्या नळ्यांसाठी बीटी आणि कॅट्झ यांनी १९४८ मध्ये दिलेल्या सूत्रात द्रव केवळ स्वतःच्या भाराने ओघळतो असे मानले होते. परंतु दोन पंखांमधील खाच अरुंद झाली की पृष्ठताण द्रवास तेथेच धरून ठेवतो. १६ मिलिमीटर व्यासाच्या आणि अर्धा मिलिमीटर खाचेच्या आडव्या नळीचे उदाहरण घ्यावे. आर-१३४ए या प्रशीतकाचा पृष्ठताण अल्प असल्यामुळे त्याचा द्रव तळाकडील सुमारे चतुर्थांश परिघातच अडून राहतो, असे गणित सांगते. त्याच नळीवर पाण्याची वाफ आणली तर सर्व खाचा पाण्याने भरून जातात! वाढविलेले पृष्ठ मग पाण्याखाली बुडते आणि त्यावर खर्चिलेले तांबे बव्हंशी वाया जाते.

म्हणून पृष्ठताणास केवळ शत्रू मानावे काय? तसेही नव्हे. वक्र कडांवरील द्रव तोच पृष्ठताण खाचेकडे ओढून नेतो आणि कडा जवळजवळ उघड्या ठेवतो. ग्रेगोरिग यांनी १९५४ मध्ये नागमोडी पृष्ठांसंबंधी हाच विचार मांडला. तळाशी द्रव अडविणारे बल माथ्याशी उपकारक ठरते. योजकाचे कौशल्य या दोहोंचा मेळ घालण्यात आहे.

यावरून एक आग्रह धरणे योग्य होईल. नळीची निवड पृष्ठफळाच्या आकड्यावरून होऊ नये. कोणता द्रव, किती रुंद खाच आणि किती पृष्ठ उघडे राहते, हे प्रश्न प्रथम विचारले जावेत. शीतगृहे आणि वातानुकूलन यांचा प्रसार होत असलेल्या उष्ण देशात तांबे व वीज या दोहोंची बचत या प्रश्नांशी निगडित आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतही काचेच्या दोन पट्ट्या जवळ आणून पाण्यात बुडवाव्यात व बाहेर काढून पाहाव्यात. फटीत अडून राहिलेले पाणी विद्यार्थ्यास पाठ्यपुस्तकातील सूत्राची मर्यादा स्वच्छ दाखवील.