दंड भरला म्हणून दोष फिटत नाही

किनवटच्या बाजारात सागवानाच्या चोरीची गोष्ट निघाली की, ‘धरला तर दंड भरेल, तुमचं काय जातं?’ असे कोणीतरी हटकून म्हणतो. शिक्षा सोसण्याची तयारी असली की नियम मोडण्याची मुभा आपोआप मिळते, अशी समजूत या बोलण्यामागे असते. आणि तिच्या समर्थनार्थ सत्याग्रहाची थोर परंपरा पुढे केली जाते, हे मला विशेष सलते.

त्या परंपरेतील एक तेजस्वी प्रकरण आपल्या शेजारचेच आहे. किनवट निजामाच्या अमलाखाली असताना, पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडात, 10 जुलै 1930 रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात लोकनायक बापूजी अणे यांनी, आगाऊ जाहीर करून, दिवसाढवळ्या विळ्याने गवत कापले आणि अटक करून घेतली. कापले ते केवळ गवत, जे पुढच्या पावसात पुन्हा उगवणार होते. आणि त्या कृत्याची जी काही किंमत होती ती कापणाऱ्यानेच चुकती केली.

चोरट्या तोडीत दंड हा आधीच खर्चात धरलेला असतो. रात्री पाडलेल्या झाडाचा बुंधा सकाळी पाहावा: कुऱ्हाडीचे ताजे घाव, भोवती ढलप्या, आणि मधोमध दाट वलये. सागाला भरात यायला साठ-सत्तर वर्षे लागतात. ती वर्षे कोणत्याही पावतीने परत जमा होत नाहीत, आणि हे नुकसान ज्यांचे होते त्यांना कोणी विचारलेलेही नसते.

याउलट, याच रानात पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कोलाम, गोंड कुटुंबांनी कोणतीही शिक्षा स्वखुशीने पत्करली नव्हती. ते दप्तरी अतिक्रमणदार ठरले, एवढेच. तरीही 2006 च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशिकेतच त्यांच्यावरील ऐतिहासिक अन्याय कबूल केला. तेव्हा शिक्षा पत्करली की नाही हा प्रश्न दुय्यम होय. नियम कोणाच्या गळ्याला फास होता आणि तो मोडल्याची झळ कोणाला लागली, हे आधी पाहिले पाहिजे.

1927 च्या ज्या वन अधिनियमाचा अंमल अण्यांच्या काळी होता, तोच पुढे दुरुस्त्यांसह चालू राहिला, आणि त्याचे कलम 68 रक्कम घेऊन गुन्हा तडजोडीने मिटवण्याचा अधिकार देते. हा अधिकार सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईसाठी सढळ हाताने वापरावा. सागवानाच्या व्यापाऱ्याला मात्र ही वाट साफ बंद करावी, आणि त्याचे प्रकरण थेट न्यायालयात न्यावे.