माऊच्या अंगाला लावाल ते तिच्या पोटात जाईल

पावसाळा सुरू झाला की घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. मांजर सारखं खाजवतंय, शेपटीच्या बुडाशी केस गेलेत, कानाच्या कडेला खपल्या धरल्यात. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, खोबरेल तेलात कापूर घालून चोळा. कुणी म्हणतं, डेटॉलच्या पाण्यानं आंघोळ घाला. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध घरात उरलं असेल तर त्यातलंच चार थेंब लावून बघा, असंही कुणीतरी सांगतं. आणि महिनाभरात गुण आला नाही की शेवटचा सल्ला ठरलेलाच असतो, ''पोत्यात घाला आणि सोडून या बाजाराच्या पलीकडे!''

मैत्रिणींनो, या सल्ल्यांविषयी मला आज जरा स्पष्ट बोलायचंय. मांजर मुलांनी हट्टानं आणलेलं असतं, त्याचे लाड सगळं घर करतं. पण त्याच्या अंगावर चट्टा उठला की बोलणी मात्र घरातल्या बाईनं खायची. औषध लावायचं तिनं, आणि ठेवायचं की सोडायचं हा निर्णयही फिरून तिच्याच गळ्यात. तेव्हा खरं काय ते तिला माहीत असायला हवं.

पहिली गोष्ट मांजराच्या जिभेची. जागेपणीचा बराचसा वेळ मांजर अंग चाटण्यात घालवतं. त्याची जीभ आपल्याला खरखरीत लागते, कारण तिच्यावर बारीक काटे असतात आणि ते आपल्या नखांसारख्याच द्रव्याचे असतात. २०१८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिलं की, या काट्यांची टोकं पन्हाळीसारखी पोकळ असतात आणि त्यांतून लाळ थेट केसांच्या मुळाशी पोचते. म्हणजे विंचरणं आणि धुणं दोन्ही जिभेनंच. आता याचा दुसरा अर्थ लक्षात घ्या. तुम्ही मांजराच्या अंगाला जे लावाल, ते तासाभरात त्याच्या पोटात गेलेलं असेल.

दुसरी गोष्ट त्याच्या यकृताची. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करून शरीराबाहेर टाकायची जी रीत आपल्या यकृताला साधते, ती मांजराच्या यकृतात फारच दुबळी असते. आपल्याला न बाधणाऱ्या कित्येक गोष्टी मांजराला विष ठरतात, त्या यामुळेच. फिनाईल, डेटॉलसारखी जंतुनाशकं, कापूर, टी ट्री तेल, डांबराच्या गोळ्या, यांतलं काहीही मांजराच्या अंगाला लागता कामा नये. 'कडुनिंब तर झाडपाल्याचा' असं म्हणून त्याचं तेल चोळणाऱ्यांनीही थांबावं. ते चाटून मांजरं आजारी पडल्याची उदाहरणं आहेत. फरशी फिनाईलनं पुसली असेल तर ती पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्या खोलीत येऊ देऊ नका, कारण ओल्या फरशीवरून चाललं की ते पाय चाटणारच.

सगळ्यांत धोक्याचं म्हणजे कुत्र्याचं औषध. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला मात्र त्यानं थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. औषध कुत्र्यासाठी म्हणून आणलेलं असेल तर 'थोडंसंच लावलं' हा हिशेब इथं चालत नाही. तीच गत तापाच्या गोळीची. पॅरासिटामोलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. चुकून असं काही लावलं गेलं तर साध्या भांड्याच्या साबणानं अंग धुऊन, टॉवेलात गुंडाळून लगेच दवाखाना गाठा.

तुम्ही म्हणाल, मग लावायचं तरी काय? माझं म्हणणं असं की लावण्याचा विचार नंतर, आधी खाण्याचा करा. केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. मांजर मुळात मांसाहारी, आणि आपण त्याला पिढ्यान् पिढ्या दूध-पोळी घालत आलो. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचतसुद्धा नाही, हगवण लागते. आपण गाजर खाल्लं तर शरीर त्यातून 'अ' जीवनसत्त्व करून घेतं, मांजराला तेही जमत नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. केस रुक्ष होणं, कोंडा पडणं, अंग निस्तेज दिसणं ही तर उपासमारीची पहिली खूण. श्रावण आपण पाळतो, मांजर पाळत नाही!

आमच्या घरी मासळी शिजत नाही. तरी माऊसाठी मागच्या अंगणात वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं आहे, त्यात तिचं अंडं उकडतं. अंडं उकडूनच द्यावं. कच्चा पांढरा बलक रोज गेला तर त्वचेला लागणारं बायोटिन शरीराला मिळत नाही. शिजवलेलं बिनहाडाचं चिकन उत्तम, पण ते कालवणातलं नको. कांदा-लसूण मांजराचं रक्त कमी करतात. सुकट-बोंबील खारट असतात, तेव्हा भिजवून, धुऊन, तेही अधूनमधून. नुसत्या मासळीवर ठेवलेलं मांजरही धड राहत नाही. घरच्या घरी सगळा समतोल साधणं अवघडच, म्हणून रोजच्या खाण्यात मांजराचं तयार खाद्य असावं. कुत्र्याचं खाद्य मात्र त्याऐवजी चालत नाही. पाकीट महाग पडतं हे मी जाणून आहे; पण दुधावर महिन्याला किती जातात ते एकदा मांडून बघा, आणि ते पैसे इकडे वळवा.

दुसरा उपाय आणखी स्वस्त आहे, तो म्हणजे फणी. उवांसाठी मिळते तशी बारीक दातांची फणी मांजरासाठी वेगळी ठेवा आणि आठवड्यातून दोनदा फिरवा. मेलेले केस निघतात, म्हणजे ते पोटात जाऊन गोळे होत नाहीत. शिवाय अंगावर काय चाललंय ते कळतं. फणीत काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. त्यांच्याभोवती तांबूस डाग उमटला तर समजा पिसवा आहेत, कारण ते कण म्हणजे पिसवांच्या पोटातून आलेलं रक्त. काही मांजरांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते, त्यांना दोन-चार चावेही पुरतात. पाठीच्या शेवटाला, शेपटीच्या बुडाशी केस जातात ते बहुतेक वेळा त्यामुळेच.

पिसवा म्हटल्या की नुसतं मांजर पाहून भागत नाही. त्यांची अंडी मांजराच्या अंगावरून गळून पडतात आणि गोधडीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात वाढतात. कोशात त्या कित्येक महिने दडून राहू शकतात. मांजराचं अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, कानेकोपरे रोज झाडा, आणि घरातल्या सगळ्या प्राण्यांना डॉक्टरांनी दिलेलं औषध एकाच वेळी लावा. शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काही दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे. तेही पिसवा गिळल्यानंच होतात, त्यासाठी जंताचं औषध लागतं. आंघोळीचं म्हणाल तर आखूड केसांच्या निरोगी मांजराला तिची गरजच नसते.

आता ज्या आजारापायी मांजरं पोत्यात जातात, त्याविषयी. गजकर्ण हा बुरशीचा आजार. मांजराला गोल चट्टे पडतात, केस तुटतात, आणि मांडीवर घेणाऱ्या मुलाच्या हातावरही तसंच कडं उमटतं. मग घरात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण मांजर सोडून दिल्यानं मुलाचा चट्टा बरा होत नाही, आणि घरात पडलेल्या केसांमधली बुरशी वर्षभराहूनही अधिक काळ टिकू शकते. दोघांवर एकाच वेळी उपचार हवेत, मुलाला त्वचेच्या डॉक्टरकडे आणि मांजराला जनावरांच्या डॉक्टरकडे. मेडिकलमधून आपल्या मनानं ट्यूब आणू नका. खूपशा ट्यूबांत स्टेरॉइड असतं. त्यानं चट्टा आधी दबतो आणि मग दुप्पट पसरतो. मांजराला काही आठवडे एका खोलीत ठेवा, त्याला हाताळल्यावर हात धुवा, केस रोज गोळा करून टाका. वेळ लागतो, पण हा आजार बरा होतो.

कानाच्या कडेपासून सुरू होऊन तोंडावर पसरणाऱ्या जाड खपल्या म्हणजे बहुधा खरूज. तीही बरी होते, डॉक्टरांच्या औषधानं काही आठवड्यांत फरक दिसतो. पांढऱ्या मांजराच्या कानांची टोकं नि नाक लाल होत असेल, जखम भरत नसेल तर अजिबात थांबू नका. भर उन्हात बसून बसून तिथं कर्करोग होऊ शकतो. पोटावरचे केस चाटून चाटून गेले असतील तर त्यामागे ॲलर्जी, लघवीचा त्रास किंवा घरातला नवा ताण असू शकतो. आणि नीटनेटकं मांजर अंग चाटायचंच बंद झालं, केसांच्या गाठी झाल्या, तर ते आळशी झालंय असं समजू नका. दात दुखत असतील, सांधे धरले असतील, ते आजारी असेल.

दवाखाना म्हटलं की घरातले हसतात. ''गाई-म्हशींच्या दवाखान्यात मांजर नेणार?'' हो, न्यायचं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्यांतून आहेत, आणि तिथले डॉक्टर शिकताना मांजराविषयीही शिकलेले असतात. औषध तिथं नसेल तर लिहून देतील, नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणचा पत्ता सांगतील. झाकणाची टोपली घ्या, आत जुनी साडी अंथरा. जाताना मांजराला काय खाऊ घालता आणि आजवर अंगाला काय काय लावलंत, ते कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

आणि पोत्याचं बोलायचं तर तो उपाय नव्हे. घरात वाढलेलं मांजर अनोळखी जागी कुत्र्यांच्या तोंडी जातं किंवा उपाशी मरतं. पाळलेला जीव असा उपासमारीत टाकणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी बाटली किंवा पोतं घेऊन पुढे आलं, की तुम्ही ठामपणे म्हणा, ''आधी डॉक्टरांना दाखवू.'' आपल्या घरात हे म्हणायला बाईला कधी कधी धीर लागतो, हे मला कळतं. पण औषध लावणारा हात तिचाच आहे, तर निर्णयही तिचाच असू दे.